केदार: एक क्रियापद आणि त्याची छप्पन्न कामं

कुंदकळी

स्पॅनिश शिकायला लागलेल्या माणसाला सगळे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ची भीती घालतात. दोन्ही म्हणजे ‘असणे’, कुठलं कधी वापरायचं हे कळायला जन्म जातो वगैरे. खरं सांगू का, त्या दोघांचे नियम तरी आहेत. खरा घोळ घालतं ते ‘केदार’. स्पेलिंग क्यू-यू-ई-डी-ए-आर, त्यातला यू मुका, जोर शेवटच्या ‘दार’वर, आणि ‘द’ इतका सैल की जीभ दातांना जेमतेम लागते. वर्गात हा शब्द पहिल्यांदा आला की एखादा केदार नावाचा विद्यार्थी असतोच. मग दहा मिनिटं वाया जातात. तो विनोद इथेच करून घ्या आणि पुढे चला.

पुस्तकात या क्रियापदासमोर इंग्रजीत आठ-दहा अर्थ असतात: मागे उरणे, थांबणे, भेटायचं ठरवणे, कपडा अंगावर बसणे, एखादी जागा अमुक ठिकाणी असणे, अमुक अवस्थेत जाणे. मुलं ती यादी पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि तोंड उघडायची वेळ आली की यादीतलं काहीच आठवत नाही. म्हणून मी आता वर्गात इंग्रजी यादी देतच नाही. सरळ सांगते, डोक्यात ‘राहणे’ ठेवा. इंग्रजीच्या दारातून गेलात तर हे क्रियापद दहा तुकड्यांत भेटतं. मराठीच्या दारातून गेलात तर निम्म्याहून जास्त तुकडे आधीच जोडलेले असतात.

बघा. ‘केदान सिंको मिनूतोस’: पाच मिनिटं राहिलीत. ‘केदान त्रेस कार्तास पोर एस्क्रिबीर’: तीन पत्रं लिहायची राहिलीत. हे ‘करायचं राहणे’ इंग्रजीत सांगताना वाक्य वाकवावं लागतं. स्पॅनिशमध्ये ‘केदार पोर’ आणि पुढे मूळ क्रियापद, की झालं. ‘से केदो मिरान्दो’: तो बघतच राहिला. ‘मे केदे एस्पेरान्दो’: मी वाट बघत राहिले. ‘से केदो सोलो’: एकटा राहिला. ‘से केदो एम्बारासादा’: गरोदर राहिली. हे शेवटचं वाक्य आलं की इंग्रजीतून शिकणारे डोकं धरतात, गरोदर ‘राहते’ कशी म्हणून. आपल्या आजीला त्यात काही चमत्कारिक वाटलं नसतं.

आणि माझं सगळ्यात लाडकं वाक्य: ‘से मे केदारोन लास यावेस एन कासा’. किल्ल्या घरीच राहिल्या. मी विसरले, असं नाही. किल्ल्या राहिल्या. मी फक्त त्या ‘मे’पुरती वाक्यात आहे, ज्याच्या डोक्यावर ते येऊन पडलं ती. आपल्याकडेही डबा राहतो, चष्मा राहतो, छत्री रिक्षात राहते, आणि या सगळ्यात आपला काही दोष नसतो. इंग्रजी माणूस बिचारा ‘मी किल्ल्या सोडून आलो’ असं कबूल करून टाकतो.

आणखी कुणाला ‘केदार’चे कुठले उपयोग भेटलेत? वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्यांनी लिहा.

---

शंकासुर

धागा छान, पण सगळं ‘राहणे’त कोंबायचा मोह आवरा. ‘केदा लेखोस’ म्हणजे लांब राहतं का? ‘लांब पडतं’. ‘तुला स्टेशन लांब पडेल’ म्हणतो आपण. ‘एसा कामिसा ते केदा बिएन’ म्हणजे शर्ट तुला छान ‘दिसतो’ किंवा ‘बसतो’. ‘केदो सेगुन्दो’ म्हणजे स्पर्धेत दुसरा ‘आला’. ‘केदामोस एन के’ म्हणजे आपलं अमुक ‘ठरलं’. हे झाले पडणे, बसणे, येणे, ठरणे. म्हणजे मराठीतही चार-पाच क्रियापदं लागतातच. मग इंग्रजीने काय घोडं मारलंय?

---

कुंदकळी

@शंकासुर, चार-पाच लागतात, मान्य. पण तुम्ही दिलेली क्रियापदं नीट बघा. पडणे, बसणे, ठरणे. तिन्ही कशी आहेत? हालचाल थांबल्यावरची. वस्तू पडली की हलत नाही, बसली की हलत नाही, आणि ‘ठरणे’ तर मुळात स्थिर होणेच. ‘केदार’चं मूळ लॅटिन ‘क्विएतारे’, म्हणजे शांत करणे, निवांत करणे. त्याच कुळातला ‘किएतो’ हा शब्द आजही स्पॅनिशमध्ये आहे. अंगात आलेल्या पोराला आई ‘किएतो!’ म्हणून दटावते, म्हणजे ‘हलू नकोस, गप बस’.

तर सगळी हलवाहलव, वाटाघाटी, शिवणकाम, शर्यत संपली आणि धुरळा खाली बसला की शेवटी जे काही असतं, ते ‘केदार’. खर्च करून झाल्यावर हातात काय, तर ‘मे केदान दिएस एउरोस’, दहा युरो उरलेत. शर्ट चढवून आरशासमोर उभं राहिल्यावर काय, तर ‘मे केदा ग्रान्दे’, मला मोठा होतो. चर्चा झाल्यावर काय, तर ‘केदामोस एन एसो’, हे ठरलं. शर्यत झाल्यावर काय, तर दुसरा.

व्याकरणाचा फायदा वेगळाच. ‘मे केदा’, ‘ते केदा’, ‘ले केदा’ म्हणजे मला, तुला, त्याला. ज्याला आवडतं तो कर्ता नाही, ज्याला उरतं तो कर्ता नाही. ‘मला आवडतं’, ‘मला मोठा होतो’, ‘मला लांब पडतं’ असं बोलणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. इंग्रजी माध्यमातली पोरं मात्र ‘यो केदो ग्रान्दे’ लिहून आणतात आणि शर्टाऐवजी स्वतःच मोठी होतात.

---

वेताळटेकडी

वाचतोय. आमच्या सोसायटीत एक केदार आहे, त्याचंही लांब पडतं, मोठं होतं, आणि करायचं राहतं. बसतो.

---

मांजरपाट

मी माद्रिदला आहे. इथे ‘केदार’शिवाय माणसाला मित्र मिळणार नाहीत. इथला मुख्य अर्थ म्हणजे भेटायचं ठरवणे. ‘केदामोस एल साबादो?’ शनिवारी भेटायचं का? ‘आ के ओरा केदामोस?’ किती वाजता? ‘दोन्दे केदामोस?’ कुठे? आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गावाबाहेरच्या माणसासाठी बहुतेक वेळा एकच, पुएर्ता देल सोलच्या चौकात, झाडाला टेकून उभ्या असलेल्या अस्वलाच्या पुतळ्यापाशी. ते अस्वल शहराच्या मुद्रेतलं आहे, पण त्याची खरी नोकरी म्हणजे उशीर करणाऱ्यांची वाट बघणाऱ्यांना टेकायला जागा देणे.

यातला एक प्रकार मला फार सोयीचा वाटतो. कुणी बोलावलं आणि जायचं नसेल तर म्हणायचं, ‘नो पुएदो, ए केदादो.’ जमणार नाही, माझं ठरलंय. कुणाशी, कुठे, का, काही सांगायचं नाही. वाक्य तिथे संपतं आणि समोरचाही पुढे विचारत नाही. आपल्याकडे नुसतं ‘माझं ठरलंय’ म्हणून बघा, पुढे पंधरा प्रश्न येतील, त्यातले तीन आत्याचे.

आणि ‘आ बेर सी केदामोस’ हे कुणी रस्त्यात भेटल्यावर म्हणालं तर डायरी काढू नका. ते आपल्या ‘या ना एकदा घरी’ या जातीचं आहे.

---

गोडांबा

@मांजरपाट, म्हणजे कट्ट्याला काय म्हणतील?

---

मांजरपाट

‘केदादा’. ऑनलाइन ओळख झालेली मंडळी प्रत्यक्ष जमली की केदादा. सायकलवाल्यांची असते, विणकामवाल्यांची असते. हा शब्द स्पेनचा बरं का. लॅटिन अमेरिकेत त्याच अर्थाने म्हणाल तर लोक बघत राहतील.

---

तिखटमीठ

मेक्सिकोतून लिहितोय. इथे भेटायचं ठरवताना ‘केदामोस दे बेर्नोस आ लास ओचो’ म्हणतात, आठला भेटायचं ठरलं. स्पेनवाले ‘केदार एन’ म्हणतात, इथे ‘केदार दे’ सर्रास चालतं. नुसतं ‘केदामोस?’ म्हटलं तर समोरचा ‘पुढे काय?’ अशा चेहऱ्याने बघतो.

पण इथला खरा राजा म्हणजे ‘या केदो’. जोर ‘दो’वर. अर्थ: झालं काम. गाडीचा मेकॅनिक बॉनेट आपटून म्हणतो ‘या केदो’. नळवाला पाना पिशवीत टाकत म्हणतो ‘या केदो’. ऑफिसात सर्व्हर पडला, दुरुस्त झाला, ग्रुपवर दोन शब्दांचा निरोप, ‘या केदो’. नेमकं काय केलं, परत पडेल का, हे विचारायचं नाही. मी आलो तेव्हा प्रत्येक वेळी विचारायचो, ‘केदो म्हणजे काय केलंस?’ आता मीच तिकिटं बंद करताना ‘या केदो’ लिहितो आणि भारतातली टीम मला विचारते.

ईमेलच्या शेवटी वेगळंच ‘केदो’ असतं. ‘केदो आतेन्तो आ सुस कोमेन्तारिओस’, म्हणजे आपल्या प्रतिसादाच्या प्रतीक्षेत आहे. इथे जोर ‘के’वर, कारण हा वर्तमानकाळ आणि कर्ता मी. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, पण बोलताना जोर चुकला की ‘मी प्रतीक्षेत राहतो’चं ‘तो प्रतीक्षेत राहिला’ होतं.

---

रानजाई

मी नवशिकी आहे, स्पॅनिशची ए-टू पातळीची परीक्षा द्यायची आहे. ‘केदार’ आणि ‘केदार्से’ यात फरक काय ते कुणी सांगेल का? आमच्या ऑनलाइन बाई ‘सवयीने कळेल’ म्हणतात.

---

कुंदकळी

@रानजाई, सवयीने कळतं हे खरं, पण परीक्षा आधी येते.

दोन जोड्या लक्षात ठेव. पहिली: ‘केदो कोन्तीगो’ म्हणजे तुझ्याशी भेटायचं ठरवते. ‘मे केदो कोन्तीगो’ म्हणजे मी तुझ्याजवळच थांबते, किंवा मला तूच हवास. एका ‘मे’ने कॉफीचं लग्न होऊ शकतं. दुसरी: ‘केदामोस एन कासा दे आना’ म्हणजे आनाच्या घरी जमायचं ठरलं. ‘नोस केदामोस एन कासा दे आना’ म्हणजे आनाच्याच घरी मुक्काम केला.

यातून काय दिसतं? ‘से’ लावलं की माणूस स्वतः तिथे थांबतो, हलत नाही. ‘से’ नसेल तर बहुतेक वेळा हिशेब, जागा, करार किंवा शेवटचा निकाल सांगायचा असतो. म्हणून ‘कुठे आहे’ हे सांगताना ‘से’ नाही: ‘दोन्दे केदा ला फार्मासिया?’ औषधाचं दुकान कुठे आलं? दुकान तिथे मुक्कामाला गेलेलं नाही. याच अर्थी माणसासाठी मात्र ‘केदा’ चालत नाही. ‘आना कुठे आहे’ला ‘एस्तार’च हवं.

मग येतं ‘केदार्से कोन’, ठेवून घेणे. दुकानात दोन झगे घालून बघितले, एक निवडला: ‘मे केदो कोन एस्ते’, हा घेते. टॅक्सीवाल्याला: ‘केदेसे कोन ला बुएल्ता’, वरचे राहू द्या. इथे पुन्हा आपलं ‘राहू द्या’ हजर आहे बघ. पण सगळीकडे ‘राहू दे’ला केदार लावायला जाऊ नकोस. ‘राहू दे, मी करते’ म्हणायचं असेल तर ते ‘देखार’ क्रियापदाचं काम, ‘देखालो’. तसंच ‘कुठे राहतेस?’ला ‘बिबीर’. हॉटेलात किंवा कुणाकडे उतरणे मात्र ‘केदार्से’. ‘दोन्दे ते केदास?’ म्हणजे कुठे उतरलीस?

अवस्थाबदलाचं सगळ्यात कटकटीचं. ‘होणे’साठी स्पॅनिशमध्ये ‘पोनेर्से’, ‘बोल्बेर्से’, ‘आसेर्से’, ‘केदार्से’ असे चार भाऊ आहेत. थोड्या वेळापुरतं लाल-पिवळं होणं, चिडणं, आजारी पडणं हे ‘पोनेर्से’. स्वभावच पालटला, वेड लागलं, तर ‘बोल्बेर्से’. डॉक्टर होणं, श्रीमंत होणं, म्हातारं होणं ‘आसेर्से’. आणि काहीतरी घडून गेल्यावर, बऱ्याचदा काहीतरी हातचं जाऊन, जी अवस्था मागे उरते ती ‘केदार्से’: आंधळा, बहिरा, टकला, विधवा, पोरका, नोकरीविना. ‘से केदो सिन त्राबाखो’, नोकरी गेली. यादी वाचून वाईट वाटतं, पण नियम चांगला लक्षात राहतो. अपवादाला गरोदरपण आहेच.

---

शंकासुर

‘हातचं जाऊन’ हा मुद्दा पटला. माझ्या मते पहिल्या पोस्टमधल्या ‘राहणे’पेक्षा हाच जास्त कामाचा आहे.

---

दर्याफूल

गोव्यातून. पोर्तुगीज येणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल, फक्त क्रियापद वेगळं: ‘फिकार’. ‘फीका लाँज’, लांब पडतं. ‘फीका बेंय’, छान दिसतं. ‘फिकार ग्राव्हिदा’, गरोदर राहणे. ‘फिकार कों’, ठेवून घेणे. अगदी केदारचा जुळा भाऊ, पण मूळ निराळं. ते लॅटिनमधल्या ‘रोवणे, घट्ट बसवणे’ अशा अर्थाच्या शब्दाकडून आलंय. दोन वेगळ्या मुळांचे शब्द फिरून फिरून त्याच सगळ्या कामांना लागले, हे मला केदारच्या कुठल्याही एका अर्थापेक्षा नवलाचं वाटतं.

ब्राझीलच्या तरुण पोरांत ‘फिकार’चा आणखी एक अर्थ आहे. पार्टीत एखाद्याशी एका रात्रीपुरती जवळीक, पुढचं काही ठरवायचं नाही. आमच्या शेजारच्या आजींनी जुन्या काळात लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, पोर्तुगीज शिकलेलं. नातवाच्या ब्राझिलियन मित्राने ‘काल मी तिच्याबरोबर फिकेय’ म्हटल्यावर त्यांनी मायेने विचारलं, ‘मग जेवायला काय होतं?’

कोंकणीत याची कामं ‘रावप’ आणि ‘उरप’ दोघांत वाटलेली आहेत. ‘राव’ म्हणजे थांब, ‘उरलें’ म्हणजे शिल्लक राहिलं.

---

पाटावरवंटा

फ्रेंचवाल्यांची हजेरी लावतो. फ्रेंचमधलं ‘रेस्ते’ म्हणजे नुसतं राहणे-उरणे. शर्ट बसणं, लांब पडणं, भेटायचं ठरणं, यातलं काही त्याच्या वाट्याला नाही. गरोदर होण्यासाठी फ्रेंच बाई चक्क ‘पडते’: ‘तोंबे आँसँत’. इटालियन मात्र स्पॅनिशच्या बाजूने, ‘रिमानेरे इंचिंता’, राहते. म्हणजे या एका बातमीसाठी युरोपात कुणी पडतं, कुणी राहतं.

---

आडगिऱ्हाईक

बार्सिलोना फुटबॉल क्लबचे चाहते आहेत का इथे? मला स्पॅनिश येत नाही, पण ‘से केदा’ हे दोन शब्द मरेपर्यंत विसरणार नाही. जुलै 2017. नेयमार क्लब सोडणार अशी सगळीकडे बोंब. त्याचा सहखेळाडू जेरार्ड पीकेने दोघांचा हसरा फोटो टाकला आणि खाली लिहिलं ‘से केदा’. आम्ही पोरांनी भाषांतर शोधलं: राहतोय! त्या रात्री वडापाव वाटले. ऑगस्टच्या सुरुवातीला साहेब 222 दशलक्ष युरोंना पॅरिसला. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर कुणी ‘मी नोकरी सोडत नाहीये’ म्हणालं की खाली दहा जण ‘से केदा’ लिहितात आणि त्याच्या निरोपाच्या पार्टीची तारीख ठरवतात.

---

कुंदकळी

@आडगिऱ्हाईक, हे उत्तम उदाहरण आहे, वर्गात चोरणार. फोटो ‘से केदा’चा आणि निकाल ‘से केदो सिन नेयमार’चा. दुसऱ्यातलं ‘केदार्से सिन’ म्हणजे अमुक नसलेल्या अवस्थेत उरणे.

---

शेवंता_ठाणे

‘केदाते एन कासा’ कुणालाच कसं आठवलं नाही? 2020 च्या टाळेबंदीत स्पेनभर तेच होतं, घरी थांबा.

---

तिखटमीठ

आठवलं तर! आणि त्यात गंमत आहे. स्पेनमध्ये, मेक्सिकोत जोर ‘के’वर, आणि लिहिताना तिथल्या ‘ए’वर तिरकी रेघ. अर्जेंटिनात तीच घोषणा ‘दा’वर जोर देऊन, आणि बिनरेघेची. कारण तिथे आपल्या ‘तू’साठी स्पॅनिशमधला ‘तू’ नाही, ‘बोस’ म्हणतात, आणि त्याच्या आज्ञार्थाचा जोर मागे सरकतो. एकाच घोषणेवरून भिंत कुठल्या देशातली ते कळायचं.

---

मांजरपाट

टाळेबंदीचा विषय निघालाच आहे तर ‘तोके दे केदा’. म्हणजे संचारबंदी. ‘तोके’ म्हणजे घंटेचा ठोका. पूर्वी रात्री घंटा वाजली की लोकांनी घरात जाऊन निवांत व्हायचं, दिवे मालवायचे, त्यातली ती ‘केदा’. वर कुंदकळींनी सांगितलेलं ‘शांत’ हे मूळ इथे अगदी उघडं दिसतं. ऑक्टोबर 2020 मध्ये इथे रात्रीची संचारबंदी लागली तेव्हा पंतप्रधान पेद्रो सांचेझ म्हणाले, याला ‘रात्रीच्या हालचालींवरचे निर्बंध’ म्हणू या. लोकांनी ऐकून घेतलं आणि ‘तोके दे केदा’च म्हणत राहिले. लॅटिन अमेरिकेत तर हा शब्द नुसता ऐकूनच जुन्या माणसांच्या पोटात गोळा येतो. ऑक्टोबर 2019 मध्ये चिलीत मेट्रोच्या भाडेवाढीवरून आंदोलन पेटलं आणि सान्तियागोत तो लागू झाला, तेव्हा लष्करी हुकूमशहा पिनोचेतचा काळ पाहिलेल्यांना काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

---

सुपारीचा_तुकडा

अमेरिकेत फार्मसीत काम करते, निम्मे गिऱ्हाईक स्पॅनिश बोलणारे. माझं सगळं केदार दोन प्रश्नांत आहे. ‘कुआन्तास पास्तियास ले केदान?’ किती गोळ्या राहिल्यात? आणि शेवटी ‘ले केदो क्लारो?’ नीट कळलं ना? दुसऱ्याला सगळे ‘सी, सी’ म्हणतात. म्हातारे लोक तर मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात. त्यामुळे मी आता तो विचारतच नाही. ‘घरी गेल्यावर मुलीला कसं सांगाल?’ असं विचारते. मग खरं कळतं. एका आजोबांनी दिवसातून दोनदाच्या गोळ्या दर दोन तासांनी सांगितल्या.

---

गोडांबा

बापरे. चांगलं केलंत.

‘केदार बिएन’ आणि ‘केदार माल’बद्दल कुणी लिहा ना. माझी मुलगी सेव्हिलला शिकते, ती म्हणते तिची घरमालकीण प्रत्येक वाक्यात ते वापरते.

---

मांजरपाट

@गोडांबा, ते म्हणजे आपलं ‘बरं दिसत नाही’. कुणाकडे जेवायला जाताना हातात काही नसेल तर ‘केदास माल’. चार लोकांत तुमची काय छाप उरली, त्याचा हा हिशेब. आत्ता गरज नसताना पाहुण्याला तिसऱ्यांदा वाढणं, लग्नाच्या आहेराचा आकडा इतरांना विचारून ठरवणं, हे सगळं ‘पोर केदार बिएन’, म्हणजे बरं दिसावं म्हणून. तुमच्या मुलीच्या मालकीणबाई कोल्हापुरात सहज खपतील.

याच घरातलं आणखी एक: ‘ते एस्तास केदान्दो कोनमीगो?’ शब्दशः ‘तू मला ठेवून घेतोयस का?’ अर्थ: माझी फिरकी घेतोयस का? हे स्पेनचं. आणि कुणी आधी एक बोलून मग उलटं बोलला की ‘एन के केदामोस?’, म्हणजे नक्की काय ते एकदा सांग.

---

तिखटमीठ

मेक्सिकोत बॉसच्या पुढेपुढे करणाऱ्याला ‘केदाबिएन’ म्हणतात. स्वतंत्र नामच करून टाकलंय. आमच्या मजल्यावर दोन आहेत.

---

शेवंता_ठाणे

माझ्या स्पॅनिश शिक्षिकेने ‘केदार्से पारा बेस्तीर सान्तोस’ सांगितलं होतं. संतांना कपडे चढवायला उरलेली, म्हणजे लग्न न झालेली बाई. चर्चमधल्या मूर्तींना वस्त्रं नेसवायचं काम अशा बायका करत. आपलं ‘लग्नाची राहिली’ तेच. दोन्हीकडे बाईच राहते, पुरुष कधी संतांना कपडे घालायला राहत नाही. मी चाळिशीत, अविवाहित, आणि मजेत आहे. संतांनी आपले कपडे आपण घालावेत.

---

कुंदकळी

@शेवंता_ठाणे, टाळ्या. वर्गात ही म्हण सांगताना मी ‘जुनी आणि टोचणारी, ओळखायला शिका, वापरू नका’ असंच सांगते. स्पेनमधल्या तरुण मुलीही ती आता बहुतेक स्वतःवरच्या विनोदात वापरतात.

---

वेताळटेकडी

झोपेचं काय? मला एका सहकाऱ्याने उशिरा आल्यावर ‘मे केदे दोर्मीदो’ म्हटलं.

---

मांजरपाट

झोपूनच राहिलो, गजर ऐकूच आला नाही. स्पेनमधलं राष्ट्रीय कारण. टीव्हीपुढे डुलकी लागली तरी तेच, किंवा जास्त गंमतीत ‘मे केदे फ्रीतो’, तळला गेलो. थक्क झालात तर ‘दे पिएद्रा’, दगडाचे. परीक्षेत सगळं विसरलात तर ‘एन ब्लान्को’, कोरे. एकदा ‘केदार्से’ हाताशी आलं की पुढे काहीही जोडतात.

---

रानजाई

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलंय. एक शेवटचं. माझी भाषा-जोडीदार सालामान्काजवळच्या खेड्यातली आहे. ती म्हणाली, ‘ए केदादो लास यावेस एन कासा’. वरच्या नियमाप्रमाणे किल्ल्या स्वतः राहायला हव्यात ना? ही तर म्हणतेय मी किल्ल्या ‘राहवल्या’. की तिने किल्ल्यांना भेटायचं ठरवलं?

---

कुंदकळी

@रानजाई, चांगलं पकडलंस. स्पेनच्या पश्चिम पट्ट्यात, सालामान्का, एस्त्रेमादुरा वगैरे भागांत, ‘केदार’ सकर्मक वापरतात, ‘देखार’च्या अर्थाने, म्हणजे सोडून येणे. तिच्या घरी ते बरोबरच आहे आणि तिला सुधारायला जाऊ नकोस. पण प्रमाण भाषेत ते धरत नाहीत, त्यामुळे परीक्षेच्या पेपरात तू लिहू नकोस, गुण जातील. तिथे ‘से मे केदारोन’ किंवा ‘मे ए देखादो लास यावेस’ लिही.

आणि ती पुढच्या वेळी भेटली तर विचार, ‘पडली’ला ती ‘काएर’ म्हणते की तेही सकर्मक करते. त्या भागात ‘मी ग्लास पडला’ अशा थाटाचं ‘काएर’ही ऐकू येतं. काय म्हणाली ते इथे लिही.

---

रानजाई

विचारते. गुरुवारी केदामोस आहे तिच्याशी.

---

कुंदकळी

‘ए केदादो कोन एया’. ‘केदामोस आहे’ नाही.